गाडीसाठी रस्ता दाखवणारं अ‍ॅप कसं निवडावं?



गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या भोर तालुक्यातल्या गटाने टेंपोत इंद्रायणी तांदळाची पोती आणि नाचणीचे पापड भरले आणि आम्ही तिघी मुळशीकडच्या एका नव्या गिऱ्हाईकाकडे निघालो. रस्ता कुणालाच माहीत नव्हता. मोबाइलवरच्या अ‍ॅपने जवळचा रस्ता दाखवला, आम्ही वळलो. पुढे डांबर संपलं, मग खडी संपली आणि ओढ्याच्या अलीकडे मागची चाकं चिखलात रुतली. रेंज नव्हती. एका शेतकरी दादांनी ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. माल पोचायला दोन तास उशीर झाला.

गावात आल्यावर मात्र बोल लागला तो गाडी चालवणाऱ्या ताईला. “बाईच्या हातात टेंपो दिला की असंच व्हायचं!” ताई बिचारी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी किल्ली आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मी नाही आता चालवणार.”

मैत्रिणींनो, टेंपोच्या हप्त्याची आम्हाला इतकी काळजी वाटली नाही, जितकी त्या किल्लीची वाटली. मासिक बैठकीत आम्ही हाच विषय घेतला. चूक नेमकी कुठे झाली? तेव्हा लक्षात आलं की अ‍ॅप आम्ही निवडलंच नव्हतं. फोनमध्ये होतं ते उघडलं आणि त्याच्या मागे गेलो. बियाणं घेताना आपण चार ठिकाणी विचारतो, इथे एकालाही विचारलं नाही.

आधी हे चालतं कसं ते समजून घेऊ. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. ते वेळेचा संदेश पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून आपण कुठे आहोत हे फोन काढतो. जीपीएस अमेरिकेचं आहे. आपल्या इस्रोनेही ‘नाविक’ नावाची यंत्रणा उभी केली आहे. हे संदेश ऐकायला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि वाहतुकीची ताजी माहिती मिळवायला. म्हणून रेंज गेली की ठिपका हलत राहतो, पण त्याच्या खालचा नकाशा कोरा होतो. आमचं त्या दिवशी हेच झालं होतं.

मग आम्ही तीन फोनवर तीन अ‍ॅप घेतली आणि ओळखीच्याच रस्त्यावर पारखून पाहिली. आपल्या पायाखालच्या वाटेवर अ‍ॅप कुठे चुकतं ते लगेच कळतं. त्यातून निवडीचे हे मुद्दे निघाले.

पहिला मुद्दा, रेंज नसताना चालतं का? गूगल मॅप्समध्ये आपल्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. मग नेट नसतानाही गाडीचा रस्ता मिळतो, फक्त वाहतुकीची ताजी माहिती मिळत नाही. हा नकाशा अधूनमधून अपडेट करावा लागतो. ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप मुळात नेटशिवाय चालण्यासाठीच केलेलं आहे, फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. पण वाटेत वाहतूक अडली आहे का, ते त्यात कळणार नाही. घाटात, धरणाच्या कडेने जाणाऱ्या बायकांनी असं एक अ‍ॅप जवळ ठेवावंच. निघण्याआधी मोबाइल डेटा बंद करून घरीच तपासून पाहा.

दुसरा मुद्दा, आपलं वाहन कोणतं? गूगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळा पर्याय आहे, स्कूटीवाल्या ताईंनी तोच निवडावा. भरलेल्या टेंपोवाल्यांनी चुकूनही दुचाकीचा पर्याय ठेवू नये, नाहीतर बोळातून आणि बांधावरून रस्ता दाखवेल. गाडीचा पर्याय ठेवला तरी आपल्या टेंपोवर किती ओझं आहे, हे त्याला ठाऊक नसतं. मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे आपल्या देशातलं अ‍ॅप. ही कंपनी १९९५ मध्ये राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने सुरू केली. त्यात गतिरोधक, खड्डे, अपघाताची ठिकाणं यांच्या सूचना मिळतात. काचेच्या बरण्यांत लोणचं नेणाऱ्या गटांना त्याचा उपयोग होईल.

तिसरा मुद्दा भाषेचा. आपल्याला समजेल अशा भाषेत आवाज आहे का, तो सेटिंगमध्ये जाऊन लावा. आवाज नीट समजला तर नजर रस्त्यावर राहते. फोन स्टँडमध्ये बसवायचा, ठिकाण गाडी सुरू करण्याआधी घालायचं. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार चालकाला फोन फक्त रस्ता पाहण्यापुरता वापरायला मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. बोलणं, मेसेज पाहणं त्यात येत नाही.

चौथा मुद्दा, ठिकाण बरोबर सापडतं का? आपल्या महाराष्ट्रात वडगाव किती आणि पिंपळगाव किती! नुसतं नाव घातलं तर भलत्याच जिल्ह्यात पोचाल. तालुका आणि जिल्हा पाहूनच ‘सुरू’ दाबा. वाडीवस्तीचं नाव सापडत नसेल तर गिऱ्हाईकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा.

पाचवा मुद्दा खास आपल्यासाठी. आपण कुठे आहोत हे अ‍ॅपला आणि लोकांना किती वेळ कळू द्यायचं? परवानगी देताना ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ हा पर्याय निवडा. लांब जाताना घरच्या किंवा गटातल्या एकीला लाइव्ह लोकेशन जरूर पाठवा, पण काम झालं की बंद करा. अनोळखी गिऱ्हाईकाला ते पाठवू नका.

एवढं सगळं पाहून अ‍ॅप निवडलं, तरी एक गोष्ट उरतेच. रस्ता कुठे जातो ते नकाशा सांगतो. आज तो चालू आहे का, हे नकाशाला कळेलच असं नाही. अ‍ॅपला गर्दी कळते ती रस्त्यावरच्या फोनांवरून. जिथे दिवसाला चार गाड्या जातात, तिथे त्याला काय कळणार? जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईला निघालेल्या मंडळींची गाडी रात्री पाण्याखाली गेलेल्या पुलावरून धरणात गेली आणि त्यात एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. दोन्ही वेळा मोबाइलचा नकाशा रस्ता दाखवत होता. आमचा वरंधा घाटसुद्धा पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद ठेवतात.

म्हणून आमच्या गटाने ठरवलं आहे. नवा रस्ता असेल तर निघण्याआधी तिकडच्या माणसाला फोन करायचा. “रस्ता कुठून?” एवढंच विचारून थांबायचं नाही. “टेंपो जाईल का? पुलावर पाणी आहे का?” हेही विचारायचं. डांबर संपलं की गाडी थांबवून उतरून पाहायचं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालायची नाही. उशीर झाला तर गिऱ्हाईकाशी गट बोलेल. अडचणीत ११२ ला फोन करायचा.

आणखी एक ठराव केला. रस्ता चुकला तर चूक गटाची. चालवणाऱ्या बाईला एकटीला कुणी बोल लावायचा नाही. तो ठराव आम्ही इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या.

ताईने किल्ली परत घेतली, पण लगेच नाही. आधी आम्ही तिघी तिच्यासोबत त्याच मुळशीच्या रस्त्याने गेलो. अ‍ॅपने पुन्हा तोच जवळचा फाटा दाखवला. ताईने गाडी बाजूला घेतली, तिथल्या चहावाल्या मावशींना विचारलं आणि डांबरी रस्त्यानेच सरळ पुढे गेली. अ‍ॅप दोन-तीनदा वळायला सांगत राहिलं, मग त्यानेही रस्ता बदलला.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत फोन घेऊन बसा आणि आपल्याच गावाचा रस्ता तपासून पाहा. तुमच्या वाडीचं नाव नकाशात नसेल तर तेही घाला, बहुतेक अ‍ॅपमध्ये तशी सोय असते. काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा.