विश्लेषण : कर्जत-खालापुरात दिव्यांग मातांचा रोजगार कुठे अडतो?

कर्जत आणि खालापूर हे रायगडचे घाटालगतचे तालुके. एकीकडे मुंबईची लोकल आणि खोपोली-पाताळगंगा पट्ट्यातले कारखाने, दुसरीकडे डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्या. इथल्या गरीब घरातील दिव्यांग आईला काम शिकून कमवायचे असेल, तर कोणत्या अडचणी येतात?

प्रशिक्षण कुठे मिळते?
दिव्यांगांसाठीचे केंद्र सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र मुंबईत शीव येथे आहे. 1968 मध्ये ते व्यावसायिक पुनर्वसन केंद्र म्हणून सुरू झाले. कोणते काम जमेल याची चाचणी, प्रशिक्षण आणि नोकरीसाठी शिफारस तिथे होते. मात्र कर्जतहून जाऊन-येऊन चारेक तास प्रवासातच जातात. वाडीतून स्टेशन गाठण्याचा वेळ वेगळाच. तेवढा वेळ तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे? जिल्हा परिषदेचे मुख्यालय अलिबागला आहे आणि तिथे कर्जतहून थेट रेल्वे नाही.

कायदा काय सांगतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील कलम 24 दिव्यांग स्त्रियांची उपजीविका आणि त्यांच्या मुलांचे संगोपन, दोन्हींसाठी साहाय्य सांगते. मात्र ते सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. कलम 37 नुसार गरिबी निर्मूलनाच्या योजनांत 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

मग अडते कुठे?
दिव्यांगांच्या योजना आईपण मोजत नाहीत आणि मातांच्या सोयी दिव्यांगत्व मोजत नाहीत. केंद्र सरकारच्या दिव्यांग महिला कर्मचाऱ्यांना मूल दोन वर्षांचे होईपर्यंत संगोपनासाठी विशेष भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा 3,000 रुपये ठरला. म्हणजे हा जादा खर्च सरकारला मान्य आहे. पण फार्महाऊसवर किंवा वीटभट्टीवर रोजंदारी करणाऱ्या आईला असा भत्ता नाही. पाळणाघराची सक्ती 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे, त्यामुळे छोटे कारखाने त्यातून सुटतात. अंगणवाडीतले पूर्वशालेय शिक्षण तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असते आणि तेही काही तासच. पाळी मात्र आठ तासांची असते.

गावातच काय करता येईल?
महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते. निव्वळ साहित्यवाटपाऐवजी प्रशिक्षणाच्या दिवसांचे रिक्षाभाडे आणि मूल सांभाळण्याची सोय यांसाठी तो वापरावा, अशी मागणी करता येते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. ‘उमेद’चे बचत गट गावात आहेतच. प्रशिक्षण तिथे भरले, तर शीवची फेरी वाचते.

सुरुवात कुठून करावी?
आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावे. अर्ज मोबाइलवरून करता येतो, मात्र तपासणीसाठी रुग्णालयात प्रत्यक्ष जावे लागते. ग्रामपंचायतीने एक दिवस गाडी ठरवून गावातील सगळ्या अर्जदारांना एकत्र नेले, तर प्रत्येकीची एक दिवसाची मजुरी बुडेल, चार दिवसांची नाही.