संगणकाचं बिऱ्हाड हलतं तेव्हा

परभणीहून मनमाडच्या दिशेने गाडी निघाली की थोड्याच वेळात पेडगाव स्टेशन लागतं. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. म्हणीतलं पेडगाव वेगळं, ते श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी. हे आपलं परभणी जिल्ह्यातलं. तरीही ती म्हण लक्षात ठेवा, पुढे ती आपल्या कामाला येणार आहे.

पेडगावच्या फलाटावर उभं राहून रुळांकडे पाहिलंत, तर दोन रुळांमधलं अंतर भरेल १६७६ मिलिमीटर. याला म्हणतात ब्रॉड गेज. पण निजामाच्या राज्यात हा मार्ग बांधला गेला तेव्हा तो मीटर गेज होता, म्हणजे रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. तिकडे मनमाडला मुंबईचा मार्ग मात्र ब्रॉड गेज. आता मराठवाड्यातलं कापसाचं किंवा धान्याचं पोतं मुंबईला न्यायचं तर काय करणार? छोट्या गाडीची चाकं मोठ्या रुळांवर बसतच नाहीत! मग मनमाडला माल उतरवायचा, हमालांनी तो पाठीवर घेऊन दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा आणि कुणीतरी शेजारी उभं राहून पोती मोजायची. १९९०च्या दशकात हा मार्ग ब्रॉड गेज झाला, तेव्हा कुठे ही उठाठेव संपली.

अशीच उठाठेव संगणकांच्या जगातही करावी लागते, बरं का! तिथे पोती नसतात, माहिती असते. आणि ती रेल्वेलाच करावी लागते, म्हणून तर ही मनमाडची गोष्ट आधी सांगितली.

समजा, तुमच्या आजोबांना तपासणीसाठी मुंबईला न्यायचं आहे. बाबांनी परभणीहून देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढलं. डबा ठरला, खालचा बर्थ मिळाला. ही नोंद कुठे राहते? तिकिटाच्या कागदावर किंवा मोबाइलवर दिसते ती नुसती प्रत. खरी नोंद असते आरक्षणाच्या संगणकात. पूर्वी ती जाडजूड रजिस्टरांत असे आणि कारकून पानं उलटून जागा शोधत. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं. १९९४ मध्ये सिकंदराबादला ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी प्रणाली आली. आपली परभणी दक्षिण मध्य रेल्वेत, त्यामुळे आपल्याला सिकंदराबादच जवळचं. पुढे १९९९ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली.

त्या काळी मोठी कामं करणारे संगणक दोन जातींचे होते. एक मेनफ्रेम. खोलीभर पसरलेलं, थंड हवेत ठेवावं लागणारं, एकाच वेळी हजारो लोकांचे हिशेब सांभाळणारं अवाढव्य यंत्र. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली असं एक मोठं यंत्र आलं होतं. दुसरी जात त्यांच्या धाकट्या भावांची. रेल्वेने घेतलेली ‘व्हॅक्स’ यंत्रं या जातीची. त्यांची काम करण्याची पद्धत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिचं नाव व्हीएमएस. गंमत बघा, ही पद्धत इतकी मजबूत निघाली की यंत्रं बदलली तरी ती टिकली. २०१० साली रेल्वेने आरक्षण नव्या यंत्रांवर नेलं. ती ‘इटॅनियम’ जातीची होती, पण वर चालत होती ती व्हीएमएसचीच पुढची आवृत्ती.

मग चांगलं चाललेलं घर बदलायचं कशाला? आजीचा जुना रेडिओ आठवा. आवाज अजून खणखणीत असतो, पण एक भाग गेला की तो बाजारात मिळत नाही आणि दुरुस्त करणारे काकाही दुकान बंद करून बसलेले असतात. इटॅनियमचं तसंच झालं. २०२१ साली हे चिप बाजारात येणं थांबलं. २०२५ साली संसदेत सांगण्यात आलं की आरक्षणाची ही प्रणाली नव्या तंत्रावर न्यायची आहे. तेव्हा मिनिटाला सुमारे २५,००० तिकिटं निघत होती, नवी प्रणाली त्याच्या चौपट काम करील अशी आखणी होती.

आता खरी मेख. मनमाडला पोतं इकडून तिकडे टाकलं तरी आतली ज्वारी ज्वारीच राहते. माहितीचं तसं नाही. संगणकाला फक्त आकडे कळतात आणि कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे प्रत्येक घराण्याने आपापलं ठरवलेलं असतं. आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये इंग्रजी ‘ए’ हे अक्षर १९३ या आकड्याने लिहितात, इतर बहुतेक संगणकांत ६५ने. नुसते आकडे उचलून नेले तर नव्या घरी सगळा गोंधळ!

तारखेचा घोळ तर याहून मजेदार. पंचांगात शके असतं आणि कॅलेंडरवर इसवी सन. १९४७ हे साल शके धरलं तर ते २०२५मध्ये सुरू होतं आणि इसवी सन धरलं तर स्वातंत्र्याचं वर्ष होतं. आकडा एकच, काळ निराळा. व्हीएमएस आपला काळ मोजतं १७ नोव्हेंबर १८५८ पासून. हल्लीचे बहुतेक सर्व्हर मोजतात १ जानेवारी १९७० पासून. या दोन्हींत अंतर आहे ४०,५८७ दिवसांचं. ते वजा करायला कुणी विसरलं, तर आजोबांची गाडी १११ वर्षं चुकली म्हणून समजा!

आता बॅकअपकडे वळू. बॅकअप म्हणजे मूळ नोंदींची जादा प्रत. ती दुसऱ्या यंत्रावर ठेवतात, आणि शहाणे लोक दुसऱ्या गावी ठेवतात. का? ८ मार्च २०२१ रोजी कोलकात्यात रेल्वेच्या एका उंच इमारतीला आग लागली. नऊ जणांचे प्राण गेले. त्यांत आग विझवायला गेलेले जवानही होते. त्याच इमारतीत आरक्षणाची यंत्रणा होती. वीज तोडावी लागली आणि पूर्व भारतातलं तिकीट आरक्षण कोलमडलं. माणसांचं नुकसान भरून येत नाही. नोंदींचं येऊ शकतं, पण जादा प्रत दुसरीकडे असेल तरच.

पण प्रत असून भागत नाही, ती वाचताही आली पाहिजे. आपल्याकडे कितीतरी घरांत पणजोबांचे मोडीतले कागद फडक्यात बांधून ठेवलेले असतात. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारं मात्र घरात कुणी नाही. जुन्या संगणकाच्या बॅकअपच्या चुंबकीय फिती अशाच मुक्या होऊन बसतात. ती फीत वाचणारं यंत्र भंगारात गेलं की फीत म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. म्हणून घर बदलताना पहिला नियम असा की जुनं यंत्र चालू आहे तोवरच त्याच्या सगळ्या प्रती त्याच्याकडूनच वाचून घ्यायच्या, नव्या लिपीत उतरवायच्या आणि मग नव्या जागी ठेवायच्या. माझ्या मते या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. आणि कंटाळवाणा असल्यामुळे लोक टाळतात तोही हाच!

अगदीच अडलं तर एक युक्ती असते. इथे आपली म्हण आली! नव्या यंत्राला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावायचं. आतून ते नवंच असतं, पण जुन्या प्रोग्रॅमपुढे असं वागतं की त्याला वाटावं, आपण आपल्या जुन्याच घरी आहोत. याला इम्युलेशन म्हणतात. आयबीएमने १९६४ साली नवी यंत्रं आणली, तेव्हा ती जुन्या यंत्रांचं सोंग घेऊ शकत होती. एवढ्याच एका गोष्टीमुळे कितीतरी गिऱ्हाईकांनी ती निर्धास्तपणे घेतली. संगणकही वेड पांघरून पेडगावला जातो, तो असा.

रेल्वेपुढे आणखी एक अडचण. गेज बदलताना गाड्या बंद ठेवता येतात, लोक एसटीने जातात. आरक्षण महिनाभर बंद ठेवून कसं चालेल? नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी आरक्षण करता येतं. म्हणजे कुठल्याही क्षणी जुन्या संगणकाच्या पोटात पुढच्या दोन महिन्यांचे प्रवासी बसलेले असतात. म्हणून अशा कामात काही काळ दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालवतात, एकच प्रश्न दोघांनाही विचारतात आणि उत्तरं जुळतात का पाहतात. बॅकअपचीही अशीच परीक्षा घेतात. त्या प्रतीवरून एका रिकाम्या यंत्रावर सगळं पुन्हा उभं करून बघायचं. आजोबांचा खालचा बर्थ तिथे सापडला तरच ती प्रत खरी.

पण लाखो नोंदी कोण तपासणार? मनमाडला पोती मोजत, तशी इथेही आधी मोजदाद होते. मात्र पोतं मोजणीत आलं तरी आतलं धान्य बदललेलं असू शकतं. त्यासाठी ‘तपासणी आकडा’ वापरतात. तो तुम्हाला मालगाडीवरही दिसेल. वॅगनवर अकरा आकडी क्रमांक असतो. त्यातला शेवटचा आकडा पहिल्या दहा आकड्यांवरून काढलेला असतो. समजा क्रमांक आहे २२०८०५१२३४१. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा आकडा मिळवा : २+८+५+२+४ म्हणजे २१. त्याला तिनाने गुणा, ६३. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा मिळवा : २+०+०+१+३ म्हणजे ६. एकूण ६९. पुढची दहाची पट ७०, फरक १. शेवटचा आकडा १च आहे, म्हणजे क्रमांक बरोबर.

आता एक काम तुमच्यासाठी. पेडगावच्या फलाटावर (रुळांजवळ नव्हे हं!) उभं राहून एका मुलाने मालगाडीवरचा क्रमांक घाईघाईत वहीत उतरवला : ३११२०६८७४५९. लिहिताना शेजारशेजारच्या दोन आकड्यांची त्याच्याकडून अदलाबदल झाली. वॅगनवरचा खरा क्रमांक कोणता होता?