परसबाग : आखणी आणि निगा

शाळेच्या आवारात परसबाग असावी, ही गोष्ट आता कोणास नव्याने सांगावयास नको. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामास शिक्षणाच्या मध्यभागी स्थान देण्याचा विचार मांडला गेला, तेव्हापासून शाळेची बाग हा आपल्या चर्चेचा विषय झालेला आहे. २०२१ पासून शालेय आहाराची योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते, आणि तीत शाळेने आपल्या बागेतील ताजी भाजी मुलांच्या ताटात घालावी अशी अपेक्षा आहे. तेव्हा प्रश्न बाग करावी की नाही हा नसून, केलेली बाग टिकते का, हा आहे. शाळाभेटींच्या निमित्ताने हिंडताना जे दिसले आणि स्वतः शिक्षिका असताना ज्या चुका केल्या, त्यांवरून चार गोष्टी येथे मांडीत आहे.

आरंभी स्वतःचीच एक चूक सांगते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका अवर्षणप्रवण तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत मी होते. वार्षिक तपासणी जवळ आली होती. आम्ही हौसेने वीस वाफे पाडले. मुले गावच्या आडावरून कळशा वाहत. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, सर्व काही बहरले. तपासणी झाली, भेटपुस्तकात चांगला शेरा मिळाला, आणि त्यानंतर मे महिन्याची सुटी लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तेथे वाळलेल्या काड्या आणि शेळ्यांच्या लेंड्या यांखेरीज काही नव्हते. त्याच दिवशी चौथीत गेलेली एक मुलगी मोठा थोरला दुधी घेऊन आली. तिच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर तो वेल वाढला होता. मी कौतुकाने विचारले, तर ती म्हणाली, “बाई, शाळेला सुटी असते, मोरीला नसते.” त्या मुलीच्या आईने बागकामाचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते. परंतु पाणी जेथे रोज येते तेथेच वेल लावावा, हे तिला समजले होते आणि मला समजले नव्हते.

पाण्याचे माप प्रथम

यास्तव बागेची आखणी जागेवरून न करता पाण्यावरून करावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरणे म्हणजे एक लिटर पाणी, हे मोजमाप वरच्या वर्गातील मुलांना सहज समजते. हिवाळ्यात भाजीपाल्यास दिवसाकाठी साधारणतः चार मिलिमीटर पाणी लागते. कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. दहा फूट लांब व चार फूट रुंद वाफा म्हणजे सुमारे पावणेचार चौरस मीटर जागा. म्हणून एका वाफ्यास हिवाळ्यात रोज पंधरा लिटरची एक बादली आणि उन्हाळ्यात दोन बादल्या, असा सोपा हिशेब बसतो.

आता आपल्या शाळेत वाया जाणारे पाणी किती ते पाहा. साठ मुले जेवणापूर्वी व जेवणानंतर हात आणि ताट धुतात. प्रत्येकी दीड लिटर धरले तरी नव्वद लिटर, म्हणजे सहा बादल्या पाणी होते. त्यांपैकी साबणाचे पाणी दोन बादल्या धरून वेगळे काढले, तर चार बादल्या चांगले पाणी उरते. अर्थात या शाळेने हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात फार तर दोन वाफे करावेत. गुंठाभर मोकळी जागा पडून असली तरी मोह आवरावा. चार वाफे बारा महिने हिरवे राहणे हे वीस वाफे दोन महिने हिरवे राहण्यापेक्षा कितीतरी मोलाचे होय.

साबणाचे पाणी पालेभाजीवर टाकू नये. खडी व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून ते गाळून केळ, शेवगा किंवा पपई यांच्या बुडाशी सोडावे. केळ आणि अळू मोरीच्या पाण्यावर वाढविण्याची आपल्या घरोघरची रीत याच विचारातून आलेली आहे.

जागेची आखणी

प्रथम कागदावर नकाशा काढावा. दिशा, विहीर अथवा नळ, स्वयंपाकगृह, आवारातील झाडांची सावली, या सर्वांची त्यावर नोंद करावी. भाजीस दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. पपई, शेवगा, कढीपत्ता अशी उंच झाडे उत्तरेच्या कडेस लावावीत, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून तो छपराजवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी नसावा. दोडका, कारले, दुधी, वाल यांचे वेल कुंपणावर अथवा मांडवावर चढवावेत. त्यांस जमीन थोडी लागते. वाफ्याची रुंदी चार फुटांहून अधिक नसावी, कारण मुलांचे हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. लहान वर्गांसाठी तीन फूटच ठेवावी. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडली म्हणजे पिकावर पाय पडत नाहीत.

पावसाळ्यात वाफे उंच करावेत, म्हणजे पाणी साचून मुळे कुजत नाहीत. उन्हाळ्यात तेच वाफे खोलगट करावेत, म्हणजे घातलेले पाणी वाहून जात नाही. देशावरील काळ्या चिकण जमिनीत शेणखताबरोबर थोडी वाळू मिसळल्यास खुरपणी सुलभ होते. कोकणातील तांबड्या मातीत पाणी टिकत नाही. तेथे कुजलेला पाला भरपूर घालावा.

कुंपणाचा विचार बी पेरण्यापूर्वीच करावा. बागेचा खरा शत्रू कीड नसून शेळी आहे, हे खेड्यातील प्रत्येक शिक्षक जाणतो. परंतु कुंपणासाठी मोगली एरंड किंवा कण्हेर मात्र लावू नये. मोगली एरंडाच्या बिया विषारी असून चवीने मुलांना फसवितात, आणि कण्हेरीचे सर्वच भाग विषारी आहेत. ही झाडे आवारात आधीपासून असतील तर काढून टाकावीत.

काय व केव्हा पेरावे

पालेभाज्या लवकर येतात म्हणून आरंभ त्यांच्यापासून करावा. मेथी, माठ व राजगिरा महिन्याभरात, पालक पाच-सहा आठवड्यांत आणि मुळा सुमारे दीड महिन्यात काढणीस येतो. भेंडी व गवार यांची पहिली तोडणी साधारणतः दीड महिन्यानंतर होते. वांगी, टोमॅटो व मिरची यांची रोपे गादीवाफ्यावर करून चार-पाच आठवड्यांनी लावावीत. बी किती खोल पेरावे असे मुले विचारतात. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, हे उत्तर पुरे आहे.

संपूर्ण वाफा एकाच दिवशी पेरू नये. मेथीच्या वाफ्याचे तीन भाग करून दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरल्यास भाजी एकदम येऊन वाया जात नाही आणि स्वयंपाकगृहास दीर्घकाळ मिळत राहते. एका वाफ्यात तेच पीक लागोपाठ घेऊ नये. पाला, फळ, कंद व शेंग असा क्रम फिरता ठेवावा. वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुळातील असल्याने त्यांतील एकाच्या जागी दुसरे लावणे म्हणजे फेरपालट नव्हे. वाल किंवा चवळी यांचे एखादे झाड अलगद उपटून मुळांवरील गाठी मुलांना दाखवाव्यात. त्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर निराळे पाठ करून घ्यावे लागत नाही.

रोजची निगा

पाणी सकाळी लवकर अथवा ऊन उतरल्यावर, झाडाच्या बुडाशी द्यावे. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे. त्यामुळे ओल टिकते, तण कमी होते आणि रविवारी पाणी न मिळाले तरी पीक सुकत नाही. आवारातील पाला जाळण्याची सवय मात्र आपण सोडली पाहिजे. तोच पाला शेण, माती व स्वयंपाकगृहातील भाजीची देठे यांच्याबरोबर खड्ड्यात थरांनी रचून ओलसर ठेवला आणि अधूनमधून खालीवर केला, तर तीन-चार महिन्यांत उत्तम खत होते.

मुलांच्या ताटात जाणाऱ्या भाजीवर विषारी औषधे मारू नयेत. अळ्या हाताने वेचाव्यात. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावल्यास फळे पोखरणारी अळी काही अंशी झेंडूकडे वळते. मावा व तुडतुडे यांसाठी निंबोळीचा अर्क उपयोगी पडतो. अर्धा किलो निंबोळीचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्याने गाळून दहा लिटर द्रावण करावे, त्यात थोडा साबणचुरा मिसळावा आणि सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे.

कामाची वाटणी करताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पाणी घालणे मुलींकडे आणि खोदणे मुलांकडे अशी विभागणी नसावी. पाळी सर्वांची, सर्व कामांची असावी. आणि बागेचे काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. उशिरा येणाऱ्यास खुरपे हाती दिले की खुरपे म्हणजे अपमान, हा धडा तो आयुष्यभर लक्षात ठेवतो. बागेतील भाजी प्रथम मुलांच्या ताटात गेली पाहिजे, हेही आपणच आपणास बजावावे. आपण पिकविलेली भाजी आपण खाल्ली, हा अनुभव मुलास मिळाला नाही तर बागेचा अर्धा हेतू बुडाला.

मे महिन्याची व्यवस्था

बागेची खरी परीक्षा मे महिन्यात होते, म्हणून तिची तयारी फेब्रुवारीत करावी. फेब्रुवारीच्या मध्यानंतर, सुटीपूर्वी काढणी पूर्ण होईल अशाच पालेभाज्या पेराव्यात. एप्रिलअखेर रिकाम्या वाफ्यांवर पाल्याचा चार बोटे जाड थर घालून जमीन झाकून ठेवावी. सुटीत केवळ बहुवर्षायू झाडे व एखाददुसरा वेल राखावा. त्यांच्या शेजारी कच्च्या भाजणीचे, पाणी झिरपणारे मडके गळ्यापर्यंत पुरून भरावे व वर झाकण ठेवावे. ते दोन-चार दिवसांनी भरले तरी मुळांस ओल मिळत राहते. हे काम शाळेजवळच्या एखाद्या कुटुंबाकडे सोपवावे, आणि जो पाणी घालील त्यानेच सुटीतील भाजी घ्यावी, असे शाळा व्यवस्थापन समितीत आधीच ठरवावे. फुकटचे आर्जव चार दिवस चालते. न्याय्य वाटणी सबंध सुटी टिकते.

शाळेतून घराकडे

एवढे केल्यावरही शाळेची बाग हे साधन आहे. साध्य आहे मुलाच्या घरामागचा वेल. चार वाफ्यांवर साठ मुलांचे पोषण होणार नाही, परंतु साठ घरांच्या मोऱ्यांवर साठ वेल चढले तर गावाच्या आहारात फरक पडेल. म्हणून प्रत्येक पिकाचे उत्तम एक फळ न तोडता वेलावरच वाळू द्यावे. त्याचे बी सावलीत सुकवून, राखेत घोळून, कोरड्या बरणीत ठेवावे. संकरित वाणाचे बी पुढल्या वर्षी तसेच उतरत नाही, यास्तव बी गावरान अथवा सुधारित सरळ वाणाचे घ्यावे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे याच निष्ठेने जतन केले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंस २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्या गावातील वृद्ध स्त्रियांकडेही अशी बियाणी व त्यांची माहिती असते. त्यांना वर्षातून एकदा तरी शाळेत सन्मानाने बोलवावे.

सुटीच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलास दुधी, दोडका वा वाल यांच्या चार-पाच बियांची पुडी द्यावी आणि पहिल्या पावसानंतर मोरीच्या कडेला लावावयास सांगावे. ज्यांच्या घरास परस नाही, त्यांनी फुटके घमेले किंवा तेलाचा डबा घ्यावा, तळाशी भोक पाडावे आणि त्यात मिरचीचे वा पुदिन्याचे रोप लावावे. ज्याच्याकडे जागा नाही त्या मुलाचा उल्लेख वर्गात होऊ नये, एवढी काळजी आपण घ्यावी.

गणेशचतुर्थीच्या सुमारास, म्हणजे वेल फळावर येतात तेव्हा, शिक्षकाने एका सायंकाळी गावातून फेरी मारावी आणि किती मोऱ्यांवर वेल आहेत ते मोजून बागेच्या नोंदवहीत लिहावे. पेरणीची तारीख, उगवण, पहिली तोडणी व एकूण वजन यांच्या नोंदी तीत असतीलच. तथापि माझ्या लेखी त्या वहीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच राहील. पुढील शाळाभेटीत मी वाफे पाहीनच, पण प्रथम ही वही मागेन, आणि शक्य झाल्यास आपणाबरोबर दोन मोऱ्यांपर्यंत चालत येईन. पहिल्या वर्षी वेल पाचच निघाले तर पाच लिहावेत. खोट्या पन्नासांपेक्षा खऱ्या पाचांवरून पुढच्या वर्षीची आखणी अधिक चांगली होते.