दोनच्या वर न जाणारा आकडा

जळगावात एप्रिलच्या दुपारी लॅपटॉपला मोठं गणित देत नाहीत. तो तापतो आणि त्याचा वेग मंदावतो. म्हणून धुळ्याहून एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आलेली माझी विद्यार्थिनी ऊन उतरल्यावर कामाला बसते.

गणित चोवीस स्पिनच्या, म्हणजे चिमुकल्या क्वांटम चुंबकांच्या, कड्याचं. प्रत्येक स्पिनला शेजाऱ्याच्या दिशेने वळायचं असतं, आडवं चुंबकीय क्षेत्र त्याला आपल्याकडे ओढतं. ही ओढाताण निरपेक्ष शून्य तापमानालाही थांबत नाही. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की अवस्थांतर होतं. भौतिकशास्त्रज्ञ प्फॉयटी यांनी अनंत साखळीसाठी 1970 मध्ये हे कागदावर सोडवलं. चोवीस स्पिनच्या शक्यता 1,67,77,216. या शक्यतांच्या ऊर्जेची सगळी सारणी मांडायला सव्वादोन पेटाबाइट लागतील, म्हणून ती मांडतच नाहीत. लांझोश पद्धतीत एकच लांब स्तंभ पुन्हापुन्हा गुणत न्यायचा. तो 134 एमबीत मावतो. ऊर्जा स्थिरावली की अवस्थांतराच्या बिंदूवर दर स्पिनमागचा तिचा आकडा, ओढीच्या मापात, −1.273 च्या जवळ आला का, ते ताडायचं.

मग दोन शेजारी स्पिन घेऊन बेलची कसोटी. तिच्यातून येणारा आकडा 2 च्या वर गेला, तर कोणतंही स्थानिक स्पष्टीकरण, म्हणजे एकीकडच्या मोजणीचा दुसरीकडे परिणाम होत नाही असं मानणारं, पुरत नाही. क्वांटम नियमांनी तो 2.83 पर्यंत चढू शकतो.

"सर, एकदाही दोन ओलांडत नाही."

ओलांडणारही नाही. एकाच स्पिनला दोन शेजाऱ्यांशी एकदम एवढं घट्ट नातं ठेवता येत नाही, आणि कड्यात डाव्या-उजव्यात भेद नाही. अवस्थांतराच्या बिंदूवर अनंत साखळीत हा आकडा अवघा 1.67 भरतो. पण क्षेत्र बदलताना तो किती झपाट्याने बदलतो याचा आलेख तिने काढला, तेव्हा त्या बिंदूच्या आसपास उंचवटा दिसला. कडं मोठं केलं की तो वाढतो. अनंत साखळीत त्याला सीमाच नाही. कसोटीत दोन न ओलांडणारी जोडी अवस्थांतराची खूण इतकी स्पष्ट सांगते, हे पाहताना मी दरवेळी थक्क होतो.

क्षेत्र जवळजवळ शून्य असताना कोणतीही जोडी 2 पाशीच अडते. पण सबंध कडं एकत्र धरलं, तर मर्मिन यांच्या 1990 च्या अनेक कणांच्या कसोटीची मर्यादा ते मोठ्या फरकाने ओलांडतं. क्षेत्र वाढवत नेल्यावर ही अस्थानिकता कुठे ओसरते, ते आता शोधायचं आहे. त्यासाठी दर स्पिनला मोजणीच्या दोन दिशा निवडाव्या लागतात. आधी आठच्या कड्यावर करून बघू, असं तिचं म्हणणं आहे.