सांधा बदलणारे जाळे

गेल्या पावसाळ्यात आजीच्या छातीत दुखू लागले, म्हणून तिला जीपमध्ये घालून आम्ही श्रीरामपूरहून नगरला निघालो. वडील फोनवर डॉक्टरांना विचारून तिला गोळी देत होते. राहुरीच्या अलीकडे फोन तुटला, तो बराच वेळ लागलाच नाही. आजी सुदैवाने वाचली. पण गाडी धावू लागली की फोन का तुटतो, हा प्रश्न मनात राहिला. मी कला शाखेचा विद्यार्थी, घरातून कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. तरी वाचून जे समजले ते मांडतो.

प्रत्येक टॉवरचा टापू ठरलेला असतो. गाडी टापू ओलांडते तेव्हा एका टॉवरने फोन दुसऱ्याच्या हाती सोपवायचा असतो. ही सोपवणी चुकली की बोलणे तुटते.

आपल्या गावचे रेल्वे स्टेशन, ज्याचे नाव बेलापूर, ते दौंड-मनमाड मार्गावर आहे. स्टेशनमास्तरांना आपल्या स्टेशनापुरते दिसते. दूर बसलेल्या कंट्रोलरला सगळा मार्ग दिसतो. कोणती गाडी कोठे थांबवायची हे तो ठरवतो. सांधा स्वतः काही ठरवत नाही, हुकमाप्रमाणे फिरतो.

संगणकाच्या जाळ्यात पूर्वी प्रत्येक सांध्यावरचे यंत्र वाट स्वतःच ठरवीत असे. २००८ साली अमेरिकेतील निक मॅककिओन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओपनफ्लो’ ही पद्धत मांडली. तीत ठरविण्याचे काम मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे गेले आणि यंत्रांकडे हुकूम पाळणे उरले.

हीच कल्पना आता संशोधक वाहनांना लावीत आहेत. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा वगळता, ठिकाण कळविणारे यंत्र व धोक्याचे बटण सक्तीचे झाले. पण ठिकाण कळणे ही पहिलीच पायरी. वाहनाची जागा, वेग व दिशा कळली, तर नियंत्रक पुढचा टॉवर आधीच तयार ठेवू शकतो. रुग्णवाहिकेचा निरोप पुढे काढून कोणाचा सिनेमा क्षणभर मागेही ठेवू शकतो.

यात धोकेही आहेत. एकच नियंत्रक बंद पडला तर सारेच अडेल. म्हणून ठिकठिकाणी दुय्यम नियंत्रक ठेवावे लागतात. शिवाय कोण कोठे जातो याची सारी माहिती एका हाती जमते. तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचाही आहे.

आणि जेथे टॉवरच नाही तेथे नियंत्रक तरी काय करणार? रूळच नसेल तर सांधा कशाचा बदलायचा? आधी रूळ वाडीवस्तीपर्यंत पोचले पाहिजेत.