रोज कमरेला, दर आठवड्याला रेंजवर: अमेरिकेत टिकाऊ पिस्तूल कसं निवडतात?

अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांमध्ये आता सज्ञान नागरिकाला कपड्यांखाली पिस्तूल बाळगून फिरायला वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे तिथल्या बंदुकीच्या दुकानांत एक प्रश्न नेहमी विचारला जातो. रोज कमरेला लावता येईल, महिन्याला चार-पाचशे गोळ्या झाडल्या तरी खिळखिळं होणार नाही आणि खाली टॉर्च बसवण्यासाठी रेल असेल, असं पिस्तूल कोणतं?

प्रश्न साधा वाटतो, पण यातल्या तीन अपेक्षा एकमेकींशी भांडतात. रोज बाळगायचं तर वस्तू हलकी आणि छोटी हवी. खूप झाडायचं तर वजन हवं, कारण जड पिस्तुलाचा झटका कमी लागतो. आणि रेल म्हटली की पुढे टॉर्च आला, म्हणजे पुन्हा वजन आणि जाडी. तिन्ही गोष्टी पूर्णपणे कुठल्याच पिस्तुलात मिळत नाहीत, तडजोड कुठे करायची तेवढंच आपल्या हातात असतं.

रेल म्हणजे नेमकं काय?

नळीच्या खाली, ट्रिगरच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना कडा आणि मध्ये आडव्या खाचा असलेली पट्टी म्हणजे रेल. टॉर्च किंवा लेझर या कडांवर सरकवून खाचेत अडकवतात. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखलं जाणारं याचं लष्करी मानक १९९५ मध्ये आलं. त्यात खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर आणि दोन खाचांमधलं अंतर १०.०१ मिलिमीटर ठरवलेलं आहे. मात्र सगळे उत्पादक ते मानक पाळत नाहीत. जर्मन हेकलर अँड कॉखच्या १९९३ च्या यूएसपी पिस्तुलावर कंपनीची स्वतःची वेगळी रेल होती. ग्लॉकच्या रेलला एकच खाच असते. म्हणून टॉर्च घेताना तो 'रेलवर बसतो' एवढं पुरत नाही, आपल्या पिस्तुलाच्या रेलवर बसतो का ते पाहावं लागतं.

टॉर्चचा मुद्दा योग्यच आहे. अंधारात समोर चोर आहे की उशिरा घरी आलेला मुलगा, हे दिसल्याशिवाय चाप ओढणं म्हणजे अनर्थ. पण पिस्तुलाला जोडलेला टॉर्च जिकडे वळतो तिकडेच नळीही वळते. नुसतं बघण्यासाठी तो वापरला तर आपण घरातल्याच माणसावर नेम धरलेला असतो. म्हणून जाणकार प्रशिक्षक खिशात वेगळा छोटा टॉर्च ठेवायला सांगतात. शोधायला तो वापरायचा, पिस्तुलावरचा नाही.

दुसरी अडचण होल्स्टरची. टॉर्चसह पिस्तूल बसण्यासाठी होल्स्टरचं तोंड रुंद ठेवावं लागतं, आणि काही होल्स्टरमध्ये त्यामुळे ट्रिगरजवळ फट राहते. त्या फटीतून बोट किंवा शर्टाचं टोक आत जाऊ शकत असेल, तर ते होल्स्टर कितीही महाग असलं तरी घेऊ नये. माझ्या मते पिस्तुलापेक्षा जास्त वेळ होल्स्टर निवडण्यात घालवला पाहिजे.

वजनाचंही पाहू. ग्लॉक १९ रिकामं असताना साधारण ६०० ग्रॅम भरतं आणि गोळ्या भरल्यावर ८५० ग्रॅमच्या आसपास जातं. त्यावर पोलीस वापरतात तसा मोठा टॉर्च लावला की आणखी शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढतात. छोटा टॉर्च सत्तर ग्रॅमच्या आसपास असतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण दहा तास पट्ट्यावर वागवायचं असतं तेव्हा फरक कळतो. कंटाळून पिस्तूल गाडीच्या खणात टाकणारे पुष्कळ असतात, आणि तिथून ते चोरीला जातं.

टिकाऊ कशाला म्हणायचं?

'लोखंडी तेवढं दणकट, प्लॅस्टिकचं काही दिवसांचं' ही समजूत इथे चालत नाही. पॉलिमर फ्रेममध्ये पोलादाचे तुकडे बसवलेले असतात आणि स्लाइड त्यांच्यावरून मागे-पुढे होते. झटका बसतो तेव्हा पॉलिमर किंचित लवतं, तडकत नाही. उलट पूर्ण पोलादाचं १९११ जातीचं पिस्तूल दणकट असलं तरी रिकामंच एक किलोच्या वर भरतं. ॲल्युमिनियम फ्रेमची सिग पी२२६ किंवा बेरेटा ९२ या दोहोंच्या मधल्या. झाडायला अतिशय सुखद, बाळगायला जडच.

बेरेटाचा इतिहास टिकाऊपणाचा खरा अर्थ सांगतो. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने हे पिस्तूल एम९ या नावाने स्वीकारलं. त्यानंतर काही वर्षांतच, खूप गोळ्या झाडलेल्या काही पिस्तुलांच्या स्लाइड मधोमध तुटल्या आणि मागचा तुकडा उडून झाडणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदळला. जखमी झालेल्यांत नौदलाच्या विशेष दलाचे जवान होते. त्यावर कंपनीने हॅमरच्या पिनचं डोकं मोठं केलं, म्हणजे स्लाइड तुटली तरी तुकडा मागे सुटून येणार नाही. ९२एफचं ९२एफएस झालं ते या बदलामुळे. भाग कधीतरी तुटणारच, हे इथे गृहीत धरलेलं आहे. तुटल्यावर माणूस जखमी होऊ नये, याची सोय करण्यात आली.

रोजच्या वापरात सगळ्यात आधी झिजते ती स्प्रिंग. स्लाइडला मागून पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग मऊ पडली की दर गोळीला स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते आणि मग खरं नुकसान सुरू होतं. ग्लॉकच्या नव्या पिढ्यांमधली दुहेरी स्प्रिंग साधारण ५,००० गोळ्यांनंतर बदलावी, असा सर्रास दिला जाणारा सल्ला आहे. महिन्याला ५०० गोळ्यांच्या हिशेबाने ही वेळ दहा महिन्यांत येते. भाग स्वस्त आहे, काम दोन मिनिटांचं आहे, तरी बहुतेक जण ते करत नाहीत. मॅगझिनच्या स्प्रिंगांचंही तेच. सरावाची मॅगझिन वेगळी आणि बाळगण्याची वेगळी ठेवावी.

रेल आणि टिकाऊपणा यांचा संबंधही अनपेक्षित ठिकाणी येतो. .४० कॅलिबरच्या तिसऱ्या पिढीतल्या काही ग्लॉक पिस्तुलांवर टॉर्च लावला की गोळ्या अडकू लागतात, असा अनुभव अमेरिकी पोलीस दलांना आला. पुढे बांधलेल्या वजनामुळे फ्रेमचं लवणं बदललं आणि स्लाइडच्या वेगाला मॅगझिनची स्प्रिंग पुरी पडेना. जास्त ताकदीच्या मॅगझिन स्प्रिंगा हा त्यावरचा उपाय ठरला. टॉर्चशिवाय उत्तम चालणारं पिस्तूल टॉर्चसह तसंच चालेल असं समजू नये. जसं बाळगणार, तशाच अवस्थेत आणि त्याच गोळ्यांनी रेंजवर तपासावं.

गोळीचा हिशेब

नेहमीच्या दिवसांत सरावाची ९ मिमी गोळी साधारण २५ सेंटला पडते. महिन्याला ५०० म्हणजे १२५ डॉलर, वर्षाला १,५००. पिस्तूल ५००-६०० डॉलरचं असतं. म्हणजे गोळ्यांवर वर्षभरात पिस्तुलाच्या अडीच-तीन पट खर्च होतो! दुकानात शंभर डॉलर वाचवण्यासाठी अनोळखी ब्रँड घेणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. अपरिचित पिस्तुलाचा एखादा भाग तुटला आणि बाजारात मिळाला नाही, तर वाचवलेले शंभर डॉलर कुठेच लागत नाहीत.

९ मिमीच का, याचं उत्तरही इथेच आहे. ती स्वस्त आहे, झटका कमी आहे आणि भाग कमी झिजतात. एफबीआयसुद्धा .४० वापरून गेल्या दशकात ९ मिमीकडे परतली. '+पी' छापाच्या गोळ्यांमध्ये मात्र दाबाची मर्यादा ३५,००० वरून ३८,५०० पीएसआयवर जाते. त्या खिशातल्या मॅगझिनपुरत्या ठीक, पण रोजचा सराव साध्या गोळ्यांनीच करावा.

मग घ्यायचं काय? ग्लॉक १९ किंवा स्मिथ अँड वेसनचं त्याच आकाराचं एम अँड पी. दोन्हींना रेल आहे, सुटे भाग कुठेही मिळतात आणि दुरुस्त करणारा शोधावा लागत नाही. सिग पी३२० ची कल्पना हुशार आहे. त्यात ट्रिगरची यंत्रणा बसवलेला पोलादी सांगाडाच कायद्याने 'बंदूक' मानला जातो आणि रेलसकट बाहेरचं आवरण थोडक्या पैशांत बदलता येतं. अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये हेच पिस्तूल निवडलं. पण त्याच वर्षी, विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटते असं दिसल्यावर कंपनीने नागरी पिस्तुलांसाठी सुधारणा देऊ केली. ट्रिगर न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून खटलेही झाले आहेत. कंपनी हा दोष मान्य करत नाही. तरीही रोज कमरेला लावायच्या वस्तूबाबत मी इथे थांबलो असतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा बोलत नाही. रोज बाळगलेलं पिस्तूल रोज संध्याकाळी घरी येतं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. पट्ट्यावरून उतरवलेलं पिस्तूल उशीखाली किंवा कपाटावर न ठेवता कुलपाच्या पेटीत गेलं पाहिजे, आणि त्या पेटीचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

भारतात हा प्रश्न असा उभाच राहत नाही. ९ मिमी हे इथे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे. परवानाधारकाला सहसा .३२ चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मिळतं, आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील याचीही मर्यादा असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, नेमबाजांना यातून सूट आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, ते .२२ च्या स्पर्धेच्या पिस्तुलाने. त्याची मूठ नेमबाजाच्या हाताच्या मापाने घडवून घेतात आणि ते पेटीतूनच नेतात. कमरेला लावण्याचा तिथे विचारच नसतो.