कापणी, मजुरी आणि माप

लेखमाला : रविवार ते शनिवार (भाग चौथा)

मागच्या भागात रविवारच्या उपासनेचा क्रम पाहिला. आशीर्वाद झाला की मंडळी पांगते. कोणी आसनगावला लोकल गाठतं, कोणी मुरबाडकडे जाणारी एसटी. देवावर पूर्ण मनानं प्रीती करायची ती इथून पुढे, सोमवारच्या कामात. ती कशी, हा आजचा विषय.

मार्कच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, सर्वांत मोठी आज्ञा कोणती? त्यानं एक विचारली, येशूनं दोन सांगितल्या. देवावर अंतःकरण, जीव, बुद्धी आणि शक्ती लावून प्रीती करणं ही पहिली, अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणं ही दुसरी, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातली. शास्त्र्याला ते पटलं. होमबलीपेक्षा हे मोठं, असं तो म्हणाला आणि येशूनं त्याची वाखाणणी केली.

दुसरी आज्ञा आपण सुटी पाठ करतो. लेवीयचा तो अध्याय सलग वाचला, तर ती कुठल्या शेजारात बसली आहे ते कळतं. नवव्या-दहाव्या वचनांत शेताच्या कडा कापायच्या नाहीत आणि सरवा वेचायचा नाही, तो गरीब आणि परक्यासाठी ठेवायचा. तेराव्यात मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवायची नाही. सोळाव्यात चहाडी करत फिरायचं नाही. पस्तिसाव्या-छत्तिसाव्यात वजन-माप खरं ठेवायचं. प्रीतीची आज्ञा यांच्या मधोमध, अठराव्या वचनात आहे. देवावरच्या प्रीतीची परीक्षा शेतात, खळ्यावर आणि काट्यावर होते, एवढाच याचा अर्थ.

शहापूर-मुरबाडकरांना हा अध्याय परका वाटू नये. दसऱ्याच्या सुमारास हळवं भात कापायला येतं, दिवाळीनंतर गरवं. कापणी उरकली की मोकळ्या शेतात सरवा वेचणारी बाई इथेही दिसते. तिला हाकलणारा शेतकरी लेवीयच्या विरुद्ध वागतो. अशाच एका शेतात परक्या देशातून आलेली विधवा रूथ सरवा वेचत होती आणि बवाज नावाच्या शेतमालकानं तिला सन्मानानं वेचू दिलं. दावीद राजा तिचाच पणतू.

मजुरीचं वचन आणखी जवळचं आहे. दिवाळीनंतर बयाणा घेऊन कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. तरी पावसाआधी हिशेब होतो, तेव्हा बयाणा फिटलाच नाही असं अनेकदा निघतं आणि पुढचा हंगाम त्यातच बांधला जातो. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते आणि ती ओरड त्याच्या कानी पोचते, असं याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सांगतो. संदेष्टा आमोस स्वतः गुरं राखणारा. माप लहान करून धान्य विकणाऱ्यांची गीतं देवाला नकोत, हे त्यानं तोंडावर सुनावलं.

मग गीत, प्रार्थना कमी महत्त्वाची का? नाही. येशूनं देवावरची प्रीती पहिली ठेवली आहे. ती नसेल, तर वेळेवर दिलेली मजुरी हा नुसता चोख व्यवहार उरतो. पण गीत गाऊन मजुरी अडवली, तर ते गीत खोटं पडतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं प्राथमिक शिक्षण मुरबाडशेजारच्या कल्याणात झालं. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनाची मराठी चाल दिली. त्यांची गीतं आपण आजही गातो. पण ते गीतांवर थांबले नाहीत. १९१७ मध्ये मिशनचं वेतन सोडून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

शेतमालकाला लागू ते मजुरालाही लागू. घेतलेल्या रोजाचं काम पुरं करणं, उसनं वेळेत फेडणं, गैरहजर माणसाची चहाडी टाळणं, हीही आठवडाभराची उपासनाच.

या आठवड्यात लेवीयचा एकोणिसावा अध्याय घरात मोठ्यानं वाचा. कोणाची मजुरी, उधारी किंवा माप आपल्याकडे राहिलं असेल, तर ते येत्या रविवारच्या दानार्पणाआधी चुकतं करा. पुढच्या भागात शेजाऱ्याशी समेट कसा करावा ते पाहू.